हात न लावता

३ मार्च, सोमवार
सांगलीहून बाबांचा फोन. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात याच महिन्यात उरका. बाबांचं एकच, "तू आल्याशिवाय मी डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही." आई गेल्यापासून हट्ट वाढलाय.
रजा मागितली. मॅनेजर जिलियन म्हणाली, महिनाभर नवे सर्व्हर येत राहणार, प्रोफायलर कोण बसवणार? खरंय. भाडेकरूंच्या घरदुरुस्तीच्या तक्रारी घेणारी आमची वेबसाइट, तिचं कुठलं पान कुठे रखडतंय ते प्रोफायलरच दाखवतो. आणि तो बसवतो मी. एकेका सर्व्हरवर जाऊन, हाताने. भारतातून लॉगिन करायला बंदी. म्हणजे अडकलो.

४ मार्च, मंगळवार
जिलियनशी ठरलं. प्रोफायलर आपोआप बसवणारी स्क्रिप्ट लिहायची. नव्या सर्व्हरवर रियाने ती एकटीने चालवायची, मी की-बोर्डला हात लावायचा नाही. जमलं तर रजा.
रिया शेजारच्या डेस्कवर. इकडेच, हॅरोत वाढलेली, मराठी आजीकडून शिकलेली. "म्हणजे तू फक्त मागे उभा राहणार? गप्प? नो चान्स, मंदार."

६ मार्च, गुरुवार
पॅकेज आण, बसव, सेटिंग लिही, वेब सर्व्हर रीस्टार्ट कर. माणसाला 'नेहमीसारखं कर' म्हटलं की भागतं. यंत्राला नेहमीसारखं म्हणजे काय तेच सांगत बसावं लागतं. डोकं पिकलं.
संध्याकाळी जुन्या सर्व्हरांवर चालवून पाहिली. सगळीकडे हिरवं, म्हणजे पास. ट्रॅममध्ये उगाच हसत होतो, समोरच्या बाईने जागा बदलली. बाबांना कळवलं, तारीख घ्या. २० मिळाली. १८चं तिकीट काढून टाकलं, रजेचा पत्ता नसताना.

११ मार्च, मंगळवार
नवे सर्व्हर आले. रियाने स्क्रिप्ट चालवली, पहिल्याच पायरीला आपटली.
"पॅकेज कुठून आणायचं ते याला माहीतच नाही, असं म्हणतंय."
कसं असणार? तो पत्ता जुन्या सर्व्हरांवर मीच कधीतरी हाताने घालून ठेवला होता. आठवणही नव्हती. स्क्रिप्टची परीक्षा घेतली ती माझा हात आधीच फिरलेल्या मशीनवर, मग नापास कशी होणार. स्वतःचाच भयंकर संताप आला. जिलियन शांतपणे म्हणाली, रजेचं मग बघू.
बाबांना सांगितलं, २० जमेलसं दिसत नाही. "बरं," म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च, बुधवार
दिवसभर एकच. रियाने कोरं मशीन उभं करायचं, स्क्रिप्ट चालवायची, आपटली की मी दुरुस्त करायची, मशीन पुसायचं, पुन्हा. सेटिंगचा फोल्डर नाही. मग फोल्डर आहे, परवानगी नाही. रिया म्हणाली, "किती गोष्टी तू न सांगता करतोस!" कौतुक होतं की टोमणा, विचारलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
झालं. रिया खुर्चीत, मी खिडकीपाशी, हात खिशात. मध्ये स्क्रिप्ट थांबल्यासारखी वाटली, मी पुढे सरसावलो. "मागे हो," रिया म्हणाली. झालो. मग हिरवं. प्रोफायलरमध्ये आकडे यायला लागले. रखडणारं पान नेहमीचंच, फोटो चढवायचं.
जिलियनने रजा दिली. वर म्हणाली, तसंही आता यासाठी तुझं अडणार नाही. आनंद झाला, खरंच झाला. पण ते वाक्य जेवतानाही डोक्यात होतं.
दुपारी बाबांना फोन. उचलला शेजारच्या पाटीलकाकांनी. "अरे, ऑपरेशन कालच झालं. मस्त झालं. तुला सांगू नका म्हणाले होते."
मग बाबा. "तुझी ओढाताण नको म्हणून उरकून टाकलं. पाटलांनी नेलं-आणलं सगळं."
चिडलो. मी इकडे कशासाठी जीव आटवत होतो, असं बोललो. फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात रडू आलं. रियाने पाहिलं असावं. डेस्कवर चहा ठेवून गेली.

१६ मार्च, रविवार
बाबांचा व्हिडिओ कॉल. काळा चष्मा, चेहरा उतरलेला नाही. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
"केस किती पांढरे झालेत रे तुझे. कधीपासून?"
डोळ्यात औषध पाटीलकाका घालतात, वेळेवर. जेवण त्यांच्याकडूनच येतं. कशाचंही अडलेलं नाही. म्हटलं, मग बाबा, आता येऊन मी काय करू? तिकीट रद्द करतो.
तर म्हणाले, "दुसरा डोळा आहे की. डॉक्टर म्हणत होते, दोन्ही लागोपाठच करू. मी म्हटलं, तो राहू दे, मुलगा आला की करू."
दुसऱ्याला अजून महिनाभर तरी अवकाश आहे. रजा आत्ताची आहे, तिकीट परवाचं. जिलियनला उद्या काय विचारायचं ते ठरत नाही. बॅग अर्धी भरून पलंगावर पडलीय.