येतो म्हणून गेलेले

नाचणगावाजवळून,
९ मार्च १९८६

ती. आईस,
लांबच्या लेकीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. ऊन कडक आहे, पण घरमालकीण यशोदाबाई रोज गरम भाकरी आणि चून, म्हणजे आपलं पिठलं, वाढतात. तुझा गुडघा कसा आहे?

आमचं काम म्हणजे गावातली माणसं मोजून कॉम्प्युटरला सांगायची. मग टाकीत किती पाणी भरायचं ते तो सांगतो. यशोदाबाईंना यजमानांविषयी विचारलं तर म्हणाल्या, "येतो म्हणून गेले ते." आम्ही लिहिलं, परतणार, आणि त्यांनाही मोजलं. बऱ्याच घरांत असंच झालं. मागाहून कळलं, इथे मेलेल्या माणसाबद्दलही तसंच बोलतात.

आम्ही हसलो, ती नावं काढली आणि पाणी कमी केलं. तेव्हापासून शेवटच्या घरांना पाणी पुरेना. पाइप कुठे फुटलेला नाही, तोट्याही सगळ्या तपासल्या. पहिल्या आकड्याइतकं भरलं की मात्र बरोबर पुरतं.

टाकीवरचे पुंडलिकराव म्हणाले, "काऊन कमी करून राह्यल्या बाई? त्यायले बी तहान लागते ना." ते चेष्टा करत नव्हते.

तू काळजी करू नकोस. इथे कुणी एकटं नसतं.

आपले बाबाही वारले त्या सकाळी "येतो" म्हणूनच बाहेर पडले होते. तू अजून रात्री उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतेस ना? खरं सांग आई, सकाळी तो भरलेलाच असतो का?

तुझी,
कुंदा