चिखल कुठं जातो?

प्रिय अण्णा,

आज तुझी सायकल वर्गात नेली. होय, तीच, जिच्यापायी तुझा वर्ग गेला! घरी आल्यापासून हसतेय, मधेच रडतेय. हे ऐकायला तूच हवा होतास, म्हणून लिहायला बसले.

निजामी गेली, उर्दू गेली, कॅल्क्युलस इंग्रजीत आलं. जिला तू 'मुमास' म्हणायचास, ती स्पर्शरेषा 'टँजंट' झाली. तुझी सायकल मात्र तीच! चौथऱ्यावर उलटी ठेवायची, मडगार्ड चाकाच्या माथ्यापर्यंत बांधायचं, टायरला ओली काळी माती फासायची आणि हातानं पायडल फिरवायचं. माथ्यावरून सुटलेला चिखल सरळ बाजूच्या भिंतीवर! "चाक गोल फिरायलंय, पर त्या क्षणाला ते कुठं निघालं हुतं, ते चिखल सांगायलाय बघा," म्हणायचास. हळ्ळीखेडसारख्या खेड्यातून आलेल्या पोरांनाही एका दमात कळायचं.

मग नवे विभागप्रमुख आले. त्यांनी भिंतीवरचा डाग पाहिला, प्रयोग कधीच पाहिला नाही. भर वर्गात तुझ्या हातात चुन्याचा कुंचला दिला. "आधी भिंत पांढरी करा, मास्तर. आणि सायकलचं दुकान बाजारात टाका."

आणि अण्णा, तू भिंत रंगवलीस! स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर! कामून रे? एक शब्द तरी बोलायचास. घरी आल्यावर मी भांडले, तर म्हणालास, "जाऊ दी गिरिजा. भिंतच हाय, हुईल मळकी परत."

त्यानंतर तुझ्याकडं नुसती हजेरी घेणं उरलं. शिकवणं सुटलं तसं तुझं जेवणही सुटलं. डॉक्टर छातीचं दुखणं म्हणाले. मी मानत नाही. तुला कशानं मारलं, मला ठाऊक आहे.

शोकसभेत त्याच विभागप्रमुख साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. मी हैदराबादहून एम.एस्सी. होऊन आले, तेव्हा तुझी जागा मला दिली आणि केवढे उपकार केले म्हणून गावभर सांगत सुटले. वर्षभर मी 'जी साहेब' म्हटलं. दातओठ खात म्हटलं!

आज मला कायम करायचं की नाही, हे ठरवायला साहेब माझ्या तासाला आले. पांढराशुभ्र सूट. सायकल बघून कपाळाला आठ्या. मी अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, माथ्यावरून सुटलेला चिखल कुठं जाईल?"

साहेब हसले. "मध्यापासून बाहेर, म्हणजे वर छताकडे. हे काय विचारणं झालं?"

"मग इकडं भिंतीशी बसायला हरकत नाही ना?"

"मुळीच नाही!" आणि स्वतःच्या हातानं खुर्ची ओढून भिंतीशी बसले. पुढच्या बाकावरचा मल्लप्पा कुजबुजला, "बाई, साहेब रेषेतच बसायलेत की!"

"गप बस," मी म्हटलं. "साहेबास्नी गणित येतंय."

अण्णा, माती आज मी जरा जास्तच भिजवली होती. आणि पायडल? अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

छत कोरडं राहिलं. साहेबांचा कोट, टाय, मिशी... मिशीसुद्धा! वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला. साहेब तणतणत निघून गेले. मी फळ्यावर वर्तुळ काढलं, स्पर्शरेषा काढली, आणि तास पुरा केला. आता ती कुणी विसरायचं नाही!

भिंत मात्र स्वच्छ राहिली रे. सगळं साहेबांनीच अंगावर घेतलं.

उद्या सकाळी ऑफिसात बोलावणं आहे. नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे. पण तुझ्यासारखी गप्प बसणार नाही, हे तुला वचन. माझ्या हातात कुंचला दिला तर घेईन, चुन्यात बुडवीन आणि विचारीन, "साहेब, भिंत तर पांढरीच आहे. सुरुवात कुठून करू? टायपासून, की मिशीपासून?"

तुझीच धाकटी बहीण,
गिरिजा