सुमीचा गाल

शुक्रवार, दिवेलागण. फुलचूर

लॉकडाऊनमध्ये प्लास्टिक सर्जननं नातीच्या भाजलेल्या गालाचं ऑपरेशन पुढे ढकललं. "आजी, हे काही जीवावरचं नाही," म्हणाले. पटलं. दवाखाना बंद, तेही बिचारे हातावर हात ठेवून.

आज उघडला म्हणून सुमीला घेऊन गेले, तर नाकं सरळ करून घेणाऱ्यांची ही गर्दी! मास्कखाली सूज झाकते, काम घरूनच, कोणाले दिसते? काउंटरवरची पोरगी म्हणते, "आजी, अभी डेट नहीं है." नाक जीवावरचं असते काय मग?

रिक्षात म्हटलं, "सुमे, मास्क काढ, वारा लागू दे."

"राहू दे ना आजी. मास्क आहे तं कोणी पाहून नाही राहिलं."

त्यांची सूज उतरली की मास्क निघेल. माझ्या पोरीचा? आत्ता जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. माझ्यापासून तिनं गाल कधीच लपवला नव्हता.