टेपखाली लिहिलेलं

बाबा,

सायकल शर्यतीला निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तुम्ही दुकानात असताना दोन्ही मागची चाकं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. मी आणलेलं कंपनीचं चाक तुम्ही बांधलेल्या चाकापेक्षा सत्तर ग्रॅमने हलकं, पण दुप्पट महाग. म्हणजे कुठलं चाक लावायचं या भांडणात, हलकं म्हणणारी मी आणि महाग म्हणणारे तुम्ही, दोघंही बरोबर होतो.

वजन नेमकं यावं म्हणून तुमच्या रिमवरची टेप काढली, तर आत पेन्सिलीने लिहिलेलं: ‘पोरीचं वजन बावन्न. उतारावर घाबरते, ब्रेक सोडत नाही. चार स्पोक जास्त.’

हे तुम्हाला कसं कळलं? ब्रेकचे रबर बघून, असं सांगू नका. ते मीच बदलते. आणि माझ्या एकाही शर्यतीला तुम्ही आला नाहीत, असं आई म्हणते.

तुमचंच चाक लावलंय. आज उतारावर मला दिसाल असे उभे राहा.

— पोर