शुक्रवारचं इंजेक्शन

प्रिय टेलरबाई,

एकाच घरात राहून नवरा पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस बापडी. समोर बसून हे बोलायला माझी जीभ रेटणार नाही. जिमच्या ऑफिसात दार लावून बसलोय. बाहेर पोरं वजनं आपटतायत, आणि समोरच्या भिंतीवर मी दंड फुगवून उभा आहे. त्या फोटोकडे आज पाठ करून बसलो. तुझ्या मशीनचा पट्टा दुरुस्तीला दिलाय, संध्याकाळी मिळेल.

मूल राहत नाही, तर मीही माझी तपासणी करून घ्यावी म्हणून तू किती विनवलंस. मी दंडावर थाप मारून विषय उडवून लावायचो. माझ्यात काय खोट असणार, असं आईही म्हणायची, आणि तिची बोलणी तू मुकाट्याने ऐकायचीस. मी खाली मान घालून जेवत राहायचो. तुझ्या पोटावर इंजेक्शन द्यायचं म्हटलं की मलाच घाम फुटायचा, उलट तूच मला धीर द्यायचीस. पोट काळंनिळं पडलं, अंगावर सूज आली, आणि पाळी आली की तू न्हाणीघराचं दार लावून रडायचीस. हे सगळं मी पाहिलंय गं.

परवा माझा रिपोर्ट आला. वीर्यात शुक्राणू जवळजवळ नाहीतच. डॉक्टरबाईंनी विचारलं, बाहेरून काही घेता का? मी म्हटलं, औषध काही नाही, अंग भरायला फक्त टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या भेटीत त्यांनी औषधं विचारली तेव्हा मी नाही म्हटलं होतं, आणि खरंच सांगतो, खोटं बोलतोय असं मला वाटलंही नव्हतं. आमच्या जिममध्ये ते कुणी औषधात धरत नाही. प्रोटीनच्या डब्याशेजारी ठेवतात.

मग त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. मेंदूखालच्या एका ग्रंथीतून दोन हार्मोन येतात, बाईला आणि पुरुषाला तीच. तुझ्यात ती बीज पिकवतात आणि सोडतात. माझ्यात ती वृषणांना कामाला लावतात, शुक्राणू बनवायला आणि टेस्टोस्टेरॉनही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन ओतलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि तो हुकूम धाडायचं बंद करतो. म्हणजे तुला जे हार्मोन मी टोचत होतो, तेच माझ्या अंगातलं मी बंद पाडून बसलो होतो. मर्दपणासाठी घेत होतात का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बंद केल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत पुन्हा सुरू होतं, कधी वर्षही जातं, पण खात्री नाही म्हणाल्या. तोवर तुझी इंजेक्शनं थांबवायची. माझं अंग उतरेल, मी चिडचिड करीन. सांभाळून घे म्हणायला मला तोंड नाही.

आईला काल सांगितलं. ती म्हणाली, "मग इतके दिवस मी तिला का बोलले?"

मी म्हटलं, "मी बोलू दिलं म्हणून."

ती आता तुझ्याशी नीट वागायला लागली तर दचकू नकोस.

हे सगळं सोमवारी डॉक्टरबाई तुला सांगणारच आहेत, त्यासाठी मी लिहायला बसलो नाही. दर शुक्रवारी मला ते इंजेक्शन कोण द्यायचं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. एवढा धिप्पाड मी, पण स्वतःला टोचून घ्यायला घाबरायचो, आणि तुझा हात सुईला सरावलेला. हे चांगलं असतं ना, असं तू पहिल्यांदा विचारलंस, तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हटलं. मी तुला ओळखतो. सोमवारी त्या बोलत असतील आणि तू आपल्या हातांकडे बघत बसशील. तसं करू नकोस. रागाने का होईना, माझ्याकडे बघ.

लाजलेला, पण तुझाच,
पहिलवान