हिरव्या रंगाची खोली

पांढरकवडा,
दि. १२ मे १९५८

ती. ताईस,
धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार.

काल दुपारी पुन्हा तो आवाज ऐकला. वाळ्याच्या ताटीवर तांब्यानं पाणी मारलं की आधी फस्स होतं आणि मग किती तरी वेळ थेंब पडत राहतात, तो. यवतमाळच्या शाळेत उन्हाळ्यात शिपाई असंच पाणी मारायचा आणि मी उभा राहून आर्या म्हणायचो. मास्तर डोळे मिटून ऐकत. शेजारी बसलेला नरहर ताटीकडे बघत असे. त्याला एक ओळ पाठ नव्हती.

इकडे सर्व ठीक. रत्नप्रभेचा ताप गेला, सुया संपल्या, अंग भरू लागलं आहे. डॉक्टर म्हणतात घरी न्या, मात्र वेगळी, हवेशीर खोली हवी. मग ती अजून दवाखान्यातच कशी, असं तू विचारलंस. सांगतो.

गावाबाहेरचा हा क्षयाचा वॉर्ड नरहरनं उभा केला आहे. ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाला तरी हौस फिटली नाही. भिंतींना पिवळी माती, दोन खाटांच्या मधे बांबूचे तट्टे, वर सागाची लाकडं, पश्चिमेच्या खिडक्यांना वाळा. आत पाऊल टाकलं की सकाळच्या रानात शिरल्यासारखं वाटतं. मी जन्मभर रानावर कविता केल्या, ताई. लग्नापासून रत्नप्रभेनं त्या ऐकल्या, आणि ऐकता ऐकता भाजीही निवडली. त्या तट्ट्यांकडे मात्र ती तासन् तास बघत पडते. "सकाळी अंगावर उन्हाच्या काड्या पडतात," म्हणते. ही ओळ मला सुचायला हवी होती.

शेजारच्या खाटेवर फुलसावंगीकडच्या तांड्यातली धुरपताबाई असते. परवा ती मला म्हणाली, "मास्तर, तुमी बाईले पाह्याले येता का भितीले? आल्यापासून भितीवरच डोये काढून राह्यले."

रत्नप्रभा हसली. इतक्या महिन्यांनी, खोकला न येता हसली. तेही त्या भिंतीवरून.

नरहर रोज दुपारी ताटीवर स्वतः पाणी मारतो. घरी एकटाच आहे, दुसरं काम काय त्याला. "वहिनी, गार लागते का?" विचारतो. काल मला म्हणाला, "नंद्या, म्हण ना एखादी आर्या. वहिनीले ऐकू दे." मी उभा राहिलो, आणि मला एकही आठवेना. थेंब तेवढे पडत होते.

तर मी त्याला न विचारता घरातली आपली मागची खोली तिच्यासाठी करून घेतली होती. मोठ्या दवाखान्यांत असतो तसा छातीपर्यंत हिरवा ऑईलपेंट, वर चुना, लोखंडी कॉट, खिडकीला काच. गेल्या रविवारी बैलांच्या रेंगीतून तिला दाखवायला आणलं. उंबऱ्यातच तिनं पदर नाकाला लावला.

"अहो," ती म्हणाली, "मी दवाखान्यातून घरी येऊन राहिले, की घरून दवाखान्यात?"

त्याच रेंगीनं परत गेली.

तू लिहितेस, नरहरला बोलाव, तो चार दिवसांत खोली नीट करून देईल. देईल ना. मग माझ्याच घरात ती त्याच्या भिंतीकडे बघत पडेल आणि मी बाजूला बसून वही चाळीन. न बोलवावं तर ती येत नाही. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्याशिवाय लिहू कोणाला? रंगाचा वास अजून गेलेला नाही. मी त्याच खोलीत बसून लिहितो आहे.

थांब, दार वाजतंय. एवढ्या उन्हात कोण?

ताई, नरहर आहे. काचेतून दिसतो. खांद्यावर वाळ्याची मोळी, हातात टेप. बाहेरूनच ओरडतो आहे, "कडी काढ लेका, टाळू तापून राह्यली. वहिनीनं पाठवलं, खिडकीचं माप घ्यायले. अन् मले बजावलं, ताटी तुमी बसवा, पण पाणी मारायचं काम त्याईचं, म्हणजे तुह्यं."

अजून कडी काढलेली नाही. एवढं लिहितो आणि काढतो. तांब्या कुठं ठेवला आहे तेही बघायला हवं.

तुझा,
हिरव्या खोलीतला नंदू