पीठ फुगेपर्यंत काय बोलायचं?

४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं. ते शिक्षकांच्या खोलीत उघडायला नको होतं. वाचता वाचता डोळे भरून आले आणि गणिताच्या बाईंनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

दादा जहाजावर गेल्यापासून तू आणि वहिनी एकमेकींकडे बघून नुसत्या हसता, आणि दुपारी ती खोलीचं दार लोटून रडते, असं तू लिहितेस. तिला मराठी येत नाही, तुला इंग्रजी येत नाही, आणि दोघींचा दुभाष्या भर समुद्रात. मी वहिनीला लिहून विचारते म्हटलं तर तू नको म्हणालीस. मध्ये तिसरं माणूस आलं की दोघी त्याच्याच तोंडाकडे बघत बसतात म्हणे. पटलं मला. मग उपाय एकच. मी तुला इंग्रजी शिकवणार. हसू नकोस. आपल्या घरातली पहिली पदवी मी भिंतीवर टांगायला घेतलेली नाही.

वहिनी मनापासून करते ते एकच काम, घरी पाव भाजणं, असं तूच कळवलंस. तर सुरुवात तिथून. सोबतच्या कागदावर सगळे शब्द आपल्या अक्षरांत लिहिलेत. कोमट पाणी म्हणजे वॉर्म वॉटर, मीठ म्हणजे सॉल्ट, फसफसणारी पूड म्हणजे यीस्ट. मळ म्हणजे नीड, झाक म्हणजे कव्हर, थांब म्हणजे वेट. पाठांतर करू नकोस. वस्तू हातात घ्यायची आणि शब्द म्हणायचा. भाषा हाताला लागली की तोंडात आपोआप येते, यावर माझा विश्वास आहे.

बाबांना नमस्कार. आपला लोभ पावाच्या पिठासारखा आहे, तो असाच फुगत राहो.
तुझी लेक

१५ जून

चि. मास्तरीणबाईंना,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला. बाबा म्हणाले, डबा बोलायला लागला की मला हाक मार.

मंगळवारी सूनबाई पाव करायला उभी राहिली, तशी मी बाह्या सरसावून शेजारी गेले. मीठ उचललं आणि म्हटलं, सॉल्ट. ती अशी दचकली की हातातलं भांडंच पडायचं. मग पाणी पुढे करून वॉर्म वॉटर म्हटलं. तिने बोट बुडवून पाहिलं, मान हलवली आणि चक्क हसली. तू म्हणशील, जिंकलं! पुढचं ऐक. तुझे बाकीचे शब्द सगळे हुकमाचे निघाले गं. मळ, झाक, थांब. मी एकेक सोडत गेले आणि ती बिचारी शहाण्या मुलीसारखी मळत, झाकत, थांबत गेली. सासू इंग्रजी शिकली ती हुकूम सोडायला, असंच वाटलं असेल तिला.

खरी पंचाईत त्याच्या पुढेच. मळणं काय, चुटकीसरशी होतं. मग पीठ झाकून ठेवायचं आणि ते फुगून दुप्पट होईपर्यंत दोघींनी समोरासमोर बसायचं. हाताला काम नाही, तोंडाला शब्द नाही. मी आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. तिने नखं बघितली. शेवटी ती उठून खोलीत गेली आणि दार लोटलं.

तर बाई, पाव कसा करायचा ते मला नको सांगूस. पीठ फुगेपर्यंत काय बोलायचं ते लिही.

वेळेवर जेवत जा. आईला शहाणपण शिकवणाऱ्यांनाही भूक लागते.
तुझी विद्यार्थिनी, आई

२१ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे माझ्या लक्षातच आलं नाही. कामाचे शब्द दिले आणि सोबतीचे विसरले. आता पूर्ण वाक्यं पाठवते आहे. आज हवा छान आहे. झोप चांगली लागली का? तुला चहा आवडतो का? घाबरू नकोस, चुकलीस तरी चालेल. माझ्या वर्गातली मुलं रोज चुकतात आणि रोज थोडं जास्त बोलतात.

दोघींची गट्टी जमल्याचं ऐकायला कान आसुसलेत. माझी आठवण असू द्यावी.
तुझी लेक

२ जुलै

चि. मास्तरीणबाईंना,
अनेक आशीर्वाद.

हवा छान आहे असं म्हटलं. दोघींनी खिडकीतून बाहेर बघितलं. होती छान. संपली हवा. झोप लागली का विचारलं, ती यस म्हणाली. डोळे सुजलेले, आणि म्हणे यस. चहा तर समोरच होता.

आता मुद्द्याचं. दादाचं बाबांना पत्र आलंय. बंदराच्या शहरात सूनबाईची बहीण राहते ना, तिच्याकडे जाऊन राहायचं तिच्या मनात आहे. महिनाअखेर ठरवून कळवते, असं तिने दादाला लिहिलंय. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलणार कशी म्हणा!

लोक काय म्हणतील याची मला फिकीर नाही. पण ती माझ्यामुळे चालली आहे का, एवढं मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. रात्रंदिवस तेच डोक्यात. तिने भाजी उरवली तर वाटतं मी काही चुकले, दार जरा जोरात लागलं तर वाटतं माझ्यावरच आपटलं. तेव्हा हवापाणी पुरे. माझ्यावर रागावली आहेस का, हे इंग्रजीत कसं विचारतात ते उलट टपालाने कळव.
आई

६ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आर यू अँग्री विथ मी? असं विचारायचं. ती भराभर बोलायला लागली तर स्लोली म्हण, म्हणजे सावकाश.

आई, एकदा तुम्ही दोघी मोकळेपणाने बोललात की वहिनी जायचं नावही काढणार नाही. माणसं दुरावतात ती न बोलल्यामुळे. माझी खात्री आहे, लिहून ठेव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे.
तुझी लेक

१४ जुलै

चि. मास्तरीणबाईंना,
अनेक आशीर्वाद.

आधी बाबांवर तालीम केली. ते डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. दर वेळी विचारलं की यस म्हणायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं सांगायची संधी मिळाली म्हणे!

मग काल पीठ झाकून झालं, ती उठायच्या आत मी तिचा हात धरला आणि विचारलं. ती नो, नो म्हणाली, आणि मग जो बांध फुटला! मी स्लोली म्हणायची, ती दोन वाक्यं सावकाश बोलायची आणि पुन्हा धबधबा. चार आणे कळलं, बारा आणे नुसतं ऐकलं. रडून झालं, नाक पुसून झालं, आणि पिठाची आठवण आली तेव्हा ते फुगून फुगून मधोमध खाली बसलेलं. आंबूस वास सुटलेला. मी आपलं हळहळले. तिने त्या खड्ड्यात बोट घातलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. टू मच वेट, म्हणाली.

मग तिने बोटांचा चष्मा करून डोळ्यांना लावला, सिस्टर, सिस्टर म्हणत खिडकीबाहेर हात केला, आणि मला बारा आणेही कळले. लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. इथे येताना ते काम सुटलं. आपल्या गावात भाषा येत नाही म्हणून काम नाही, आणि नवरा येण्याची वाट बघत नुसतं बसून तिचं मन आंबत चाललंय. बहिणीच्या शहरात तसंच काम मिळतंय. राग माझ्यावर नाहीच. उलट माझं मन मोडेल म्हणून सांगायला धजत नव्हती.

तो पाव तसाच भाजला. वीट झाली. बाबा म्हणाले, भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाला बांधतो.

ती जाणार आहे गं.
आई

१८ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मला फार वाईट वाटतंय. तुम्हाला जवळ आणायला मी शब्द पाठवले, आणि वहिनी तेच शब्द वापरून निरोप घेते आहे. हेच का माझं शिकणं? मी दादाला लिहू का? त्याने सांगितलं तर ती थांबेल. तू नाही म्हणू नकोस, तुझ्याकडे मला बघवत नाही, इतक्या लांबूनसुद्धा.
तुझी लेक

२७ जुलै

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

दादाला एक अक्षर लिहायचं नाही. थांबवलेली सून आणि थांबवलेलं पीठ, दोन्हीचं काय होतं ते मी बघितलंय. शिवाय तू रडतेस कशाला? न बोलता गेली असती तर मी जन्मभर स्वतःच्या चुका मोजत बसले असते. आता ती का चालली आहे ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. तुझ्या शिकण्याने एवढं केलं. त्याला कमी म्हणू नकोस.

शेवटचे दिवस बरे गेले. पीठ फुगायला कधी ठेवलं नि कधी फुगलं, कळायचं नाही. ती मला फोटोतली माणसं दाखवायची आणि मी त्यांच्या नाकांवर शेरे मारायचे, मराठीत. ती हसायची. नाकाला भाषा लागत नाही.

काल तिला बसवर पोचवायला गेलो. बाबांनी पेटी वर चढवली. तिचा एक पाय पायरीवर, आणि मला निरोपाचं सुचेना. निघालेल्या माणसाला तोंडावर जा म्हणायचं? आजवर कुणाला म्हटलं नाही, मग इंग्रजीत तरी जीभ कशी वळेल? मी आपली म्हणाले, ये हं. आणि तिला कळावं म्हणून इंग्रजीतही म्हटलं, कम, कम!

तर ती खाली उतरली की गं! माझे दोन्ही हात धरले आणि मला काही होतंय का बघायला लागली. कंडक्टर घंटी बडवतोय, बाबा पेटी उतरवू की ठेवू विचारताहेत, मी एका हाताने तिला पायरीकडे ढकलते आहे आणि तोंडाने पुन्हा कम, कम! सगळी बस खिडक्यांतून बघायला लागली. शेवटी मी लांब रस्त्याकडे हात केला, तोच हात वळवून आणला आणि आमच्या दोघींच्या पायांखालची जमीन दाखवली. ती बघत राहिली. मग अशी हसली, अशी हसली, की तिचे सगळे दात मी काल पहिल्यांदा पाहिले. चढली आणि खिडकीशी जाऊन बसली.

कंडक्टर वैतागून म्हणाला, काकू, पाठवायचंय का ठेवून घ्यायचंय, एकदा काय ते ठरवा.

मी म्हटलं, ठरलंय. सोडा गाडी.

माया आहेच, तूही धरून राहा.
तुझी आई